लाइट गेल्याची घंटा

मी केलेला पहिला अलार्म लाइट असताना वाजला आणि लाइट घालवल्यावर गप्प बसला. हवं होतं त्याच्या बरोबर उलटं.

सामान फारसं नव्हतं. मोबाइलचा जुना चार्जर, ५ व्होल्टचा एक रिले, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक बझर आणि थोडी वायर. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथून आणलेलं. दुकानदाराने कशासाठी पाहिजे म्हणून विचारलं, मी सांगितलं, तर त्याने न मागता एक डायोड पुडीत टाकला. "कॉइलवर उलटा लावा," म्हणाला. का, हे विचारायची मला लाज वाटली. माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पण ती कॉम्प्युटरची. पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रॉनिक्स नावाचा विषय होता, त्यात मी पास झालो होतो. त्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

रिले म्हणजे साखरेच्या मोठ्या खड्याएवढी निळी डबी. तिला पाच पाय. दोन पाय आतल्या कॉइलचे. कॉइलला करंट दिला की ती लोहचुंबक होते आणि एक छोटी पत्ती स्वतःकडे ओढते. करंट गेला की स्प्रिंग त्या पत्तीला परत जागेवर नेते. उरलेले तीन पाय पत्तीचे. एक कॉमन, आणि दोन ती जिथे टेकू शकते ते, एनओ आणि एनसी. नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. म्हणजे एरवी तुटलेला आणि एरवी जोडलेला. (मराठीत इथे आणखी एक घोळ आहे. आपण 'बंद' म्हणतो तेव्हा दिवा विझलेला असतो, आणि परिपथ 'बंद' असतो तेव्हा दिवा लागलेला असतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना हा घोळ आठवत असेल.)

मी विचार केला, एरवी म्हणजे घरात लाइट असताना. लाइट असताना बझर तुटलेला हवा, म्हणजे एनओ. बझर एनओला जोडला, चार्जर प्लगमध्ये खोचला आणि बझर बोंबलायला लागला.

रिलेच्या लेखी नॉर्मल म्हणजे कॉइलमध्ये करंट नसणं. वीज नाही, ही त्याची मूळ अवस्था. वीज येणं ही घडामोड. वायर काढून शेजारच्या पायाला जोडली आणि काम झालं, पण तो 'नॉर्मल' शब्द डोक्यातून जाईना. हा लेख त्या शब्दाचा माग काढताना जे सापडलं त्याचा आहे.

* * *

अलार्मची गरज का पडली ते आधी सांगतो.

माढा तालुक्यातल्या आमच्या गावी माझे आजोबा, म्हणजे तात्या, गेल्या हिवाळ्यात ऑक्सिजनवर होते. फुफ्फुसं थकली होती. दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा सोबत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला. २०२१ च्या उन्हाळ्यात हे यंत्र सगळ्या देशाला माहीत झालं. ते ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतली हवा ओढून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांतून दाबाने सोडतं. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, उरलेली ऑक्सिजनवाली हवा नळीतून नाकापर्यंत जाते. दाण्यांची दोन नळकांडी असतात, एक काम करत असताना दुसरं धरलेला नायट्रोजन सोडून देतं. त्यामुळे सततची घरघर आणि दर काही सेकंदांनी एक फुस्स.

घरात इन्व्हर्टर होता. त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो, आणि गडबड नेमकी तिथेच झाली. इन्व्हर्टर चांगला असला तर लाइट गेलेली कळत नाही, त्याचं कामच ते. रात्री दीडच्या सुमारास लाइट गेली असावी. इन्व्हर्टरने भार घेतला. बॅटरी चार वर्षांची, कॉन्सन्ट्रेटर तीन-साडेतीनशे वॉटचा. तासाभरात बॅटरी संपली आणि यंत्र थांबलं. वीज गेली तर ओरडण्यासाठी कॉन्सन्ट्रेटरमध्ये एक छोटी बॅटरी असते. ती कधी बदललेली नव्हती.

आजीला जाग आली. कशाने आली, तर आवाज थांबल्याने. "मशीन गप झालं म्हणून उठले," ती म्हणाली. तिने काकाला हाक मारली, काकाने कोपऱ्यातल्या सिलिंडरला नळी जोडली, पाच-सात मिनिटांत सगळं सुरळीत झालं. तात्यांचे ओठ निळे पडले होते हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं.

मी पुण्यात होतो. सॉफ्टवेअरवाल्याला सुचेल तेच मला आधी सुचलं. जुना फोन चार्जिंगला लावून ठेवायचा, चार्जिंग तुटलं की अॅप सगळ्यांना मेसेज पाठवेल. दोन दिवसांत लिहून झालं. गावी जाऊन लावलं, मेन स्विच बंद केला, मेसेज आला नाही. लाइट गेली तर वायफायचा राउटरही जातो. मोबाइल डेटावर टाकलं. तर गावात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. लाइट गेल्याची बातमी मी लाइटवरच्याच गोष्टींच्या हाती देत होतो.

म्हणून मग रिले.

* * *

रिले कोणी शोधला यावर भांडण आहे, दावेदार तीन-चार आहेत. पण त्याची सगळ्यात चांगली गोष्ट जोसेफ हेन्रीची आहे. हेन्री अमेरिकेत ऑल्बनी इथे शाळामास्तर होता. लोखंडावर तारेचे पुष्कळ वेढे घालून ताकदवान विद्युतचुंबक कसा करायचा याचा त्याला नाद लागला होता. १८३१ साली त्याने मैलभर लांब तार वर्गात फिरवली आणि एका टोकाला बॅटरी जोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. दाराची बेल दाबताना आपण जे करतो ते तेव्हा चमत्कारात जमा होतं.

पुढे तो प्रिन्स्टनला प्राध्यापक झाला. एव्हाना त्याच्यासमोर प्रश्न होता तो लांबीचा. लांब तारेतून गेलेला करंट अशक्त होतो, त्याच्याने जड काम होत नाही. १८३५ मध्ये त्याने विद्यार्थ्यांना यावरचा उपाय दाखवला. एका मोठ्या चुंबकाने शेकडो किलोंचं वजन उचलून धरलेलं असे, त्याची बॅटरी तिथेच जवळ. दूरवरून येणारा अशक्त करंट एका लहान चुंबकाला हलवी, आणि तो लहान चुंबक मोठ्याचं सर्किट तोडी. वजन धाडकन खाली कोसळे. पोरं दचकत असणार.

रिले हाच. लांबून आलेल्या दुबळ्या निरोपाने जवळच्या ताज्या ताकदीला कामाला लावायचं. नावही तिथूनच आलं आहे. टप्प्याटप्प्यावर थकलेला घोडा सोडून ताजा घोडा घ्यायच्या पद्धतीला इंग्रजीत रिले म्हणत. आपल्याकडे डाकेचे घोडे चौक्यांवर बदलत, ती हीच पद्धत. तारायंत्राच्या लांब लायनींवर असे विजेचे ताजे घोडे बसवले गेले आणि तार गावोगाव पोचली.

त्या डायोडचं कोडंही हेन्रीपाशीच सुटलं. वेढे असलेल्या तारेतला करंट एकदम तोडला की तोडलेल्या जागी मोठी ठिणगी पडते, हे त्याने पाहिलं आणि १८३२ मध्ये छापलं. कॉइलला करंट थांबलेला आवडत नाही. थांबवला तर ती उसळून मोठा व्होल्टेज फेकते. या गुणाचं एकक आज हेन्रीच्या नावाने आहे, आणि दुकानदाराने पुडीत टाकलेला उलटा डायोड त्या उसळीला घरातल्या घरात वाट करून देतो. माझ्या सर्किटमध्ये त्याची फार गरज नाही, कारण चार्जरच्या पोटातला कपॅसिटर हळूहळू रिकामा होतो. तरी मी लावला. दोनशे वर्षांपूर्वीच्या ठिणगीचा बंदोबस्त एक रुपयात होत असेल तर का नको?

पण हेन्रीच्या प्रयोगात मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. वजन पडतं ते करंट आल्यामुळे नाही. मोठ्या चुंबकाचा करंट गेल्यामुळे पडतं. धरून ठेवणारी वीज नाहीशी झाली की खालच्या माणसाला धाडकन कळतं.

* * *

नसण्याचा असा निरोप म्हणून उपयोग करायला लोकांना बराच वेळ लागला. साहजिक आहे. काही घडलं तर घंटा वाजावी, हे कोणालाही सुचतं.

अमेरिकेतल्या तारायंत्रवाल्यांनी मात्र सुरुवातीपासून वेगळी रीत धरली होती. त्यांच्या लायनीत काम नसतानाही करंट वाहता असे. निरोप पाठवायचा तर आधी तो तोडायचा. युरोपात उलट, निरोप असेल तेव्हाच करंट. अमेरिकी पद्धतीत बॅटऱ्या जास्त खर्ची पडत, पण लायन कुठे तुटली तर वाट बघत बसावं लागत नसे. करंट गेला म्हणजे काहीतरी झालं.

चोराच्या अलार्मचंही तसंच. ऑगस्टस पोप नावाच्या एका पाद्र्याने १८५३ साली अमेरिकेत विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार उघडलं की सर्किट जुळणार, घंटा वाजणार. चोराने आधी तारच कापली तर? मग घंटा कायमची गप्प, आणि मालक गाढ झोपेत. पुढच्या अलार्मनी हे उलटं केलं. करंट सतत खेळता ठेवायचा, तो तुटला की वाजायचं. तार कापणं हीच आता घंटा वाजवायची कळ झाली.

या युक्तीचा खरा माणूस विल्यम रॉबिन्सन. रुळांवर पुढे गाडी उभी आहे की नाही, हे मागच्या गाडीला कसं कळावं, या प्रश्नामागे तो लागला होता. १८७० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात किंझुआ इथे त्याने एक यंत्रणा बसवली. गाडी आली की करंट वाहायचा आणि सिग्नल बदलायचा. चाललीही. पण मग त्याच्या लक्षात आलं की तार तुटली किंवा बॅटरी मेली तर त्याचा सिग्नल 'रस्ता मोकळा आहे' असं सांगत राहील. बिघडलेलं यंत्र आणि मोकळा रस्ता, दोघांचा चेहरा एकच.

१८७२ मध्ये त्याने पेटंट घेतलं ते याच्या उलट यंत्रणेचं. रुळांचा एक तुकडा इतरांपासून वेगळा करायचा. एका टोकाला दोन रुळांमध्ये बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. करंट एका रुळाने जातो, रिलेच्या कॉइलमधून दुसऱ्या रुळाने परत येतो. रिले धरलेला असेल तर सिग्नल मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिलेपर्यंत पोचत नाही. पत्ती सुटते, सिग्नल लाल. आणि तार तुटली तरी लाल. बॅटरी मेली तरी लाल. रूळ तुटला तरी बहुतेक वेळा लाल. यंत्रणेत कुठेही खोट आली तरी तिचा अर्थ एकच, थांबा. त्याच वर्षी जॉर्ज वेस्टिंगहाउसने रेल्वेचा जो स्वयंचलित ब्रेक आणला त्याचंही तत्त्व हेच. नळीतली हवा ब्रेक सुटलेले ठेवते, आणि नळी फाटली की ब्रेक आपोआप लागतात.

रॉबिन्सनचं ट्रॅक सर्किट आजही आपल्याकडे चालू आहे. मुंबईत पाऊस झाला, रुळांवर पाणी चढलं की "सिग्नल यंत्रणेत बिघाड" अशी घोषणा होते आणि प्लॅटफॉर्मवर उभे असलेले आपण रेल्वेचा उद्धार करतो. होतं असं की साचलेल्या पाण्यातून करंट एका रुळावरून दुसऱ्यावर झिरपतो, रिलेला पुरेसा मिळत नाही, पत्ती सुटते. गाडी नसताना सिग्नल लाल. तो खोटं बोलतो हे खरं, पण सुरक्षित बाजूने बोलतो. हे वाचल्यापासून लोकलमध्ये अडकलो तर माझी चिडचिड थोडी कमी होते. फार नाही, थोडी.

माझ्या रोजच्या कामात हे तत्त्व होतंच, मला फक्त त्याचे पूर्वज माहीत नव्हते. सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला आम्ही त्याला दर मिनिटाला एक ठोका पाठवायला लावतो. ठोके थांबले की फोन वाजतो. आजी त्या रात्री उठली तीही अशीच. महिनाभर ती घरघर ऐकत झोपत होती. घरघर थांबली आणि पत्ती सुटली.

* * *

एनओ-एनसीचा घोळ मी तात्यांना सांगितला होता. नाकात नळी असल्याने ते थांबत थांबत बोलत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, लाइट गेल्याची घंटा कशाला? जाती ती जातीच. घंटा लागती ती आल्याची."

आणि त्यांच्याकडे तशी घंटा होती. मी लहान असताना वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत, मोटारीच्या स्टार्टरशेजारी, एक दाराची बेल लाकडी फळीवर ठोकलेली होती. तिची कळ कायम दाबलेली. शेतीच्या लायनीला लाइट आली की ती वाजायला लागायची आणि कोणीतरी उठून बंद करेपर्यंत थांबायची नाही. मग तात्या बॅटरी, म्हणजे टॉर्च, घेऊन बाहेर पडत. मोटार चालू करायची, उसाला दारं धरायची, पहाटे परतायचं. साप-विंचवाच्या भीतीने पायात गमबूट.

त्या घंटेला रिले लागत नव्हता, बॅटरीही लागत नव्हती. हे मला नंतर लक्षात आलं. येणारी वीज स्वतःच स्वतःची वर्दी देते. जाणारी वीज देऊ शकत नाही, तिच्यासाठी आधीची थोडी साठवून ठेवावी लागते. तात्यांची घंटा आणि माझी घंटा, रिलेच्या दोन शेजारच्या पायांइतक्या जवळ. पण तात्यांचा नॉर्मल रिलेसारखा होता, वीज नसणं. माझा पुण्यातल्या फ्लॅटचा.

हे दोन नॉर्मल एकाच राज्यात कसे तयार झाले याचा इतिहास सरळ नाही. महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वीज आली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून, ते पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांच्या कंपनीने १९१५ साली मुंबईला वीज पुरवायला सुरुवात केली. पुढे मुळशीचं धरण आलं. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यातून सेनापती बापट झाले. धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

शाळेत हे वाचताना एक गोष्ट मी नकाशावर कधी पाहिली नव्हती. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळा पूर्वेला वाहते, मुठेला मिळते, मग भीमेला, आणि भीमा उजनीला येते. उजनी आमच्या तालुक्यात. म्हणजे जे पाणी उताराने आमच्याकडे यायचं, त्यातलं बरंचसं वळवून कड्यावरून कोकणात टाकलं जातं, कारण पडताना ते मुंबईसाठी वीज करतं. आणि इकडे तात्या विहिरीतलं पाणी उपसायला रात्री दोन वाजता त्याच विजेची वाट बघत. यात कोणी एक खलनायक आहे असं मला म्हणायचं नाही. मुंबईच्या विजेवर चाललेल्या लोकलमधून आमच्या गावची अर्धी माणसं कामाला गेली आहेत. पण भीमेच्या खोऱ्यात ते पाणी परत मागितलं जातं तेव्हा त्यामागे काय आहे, ते आता मला कळतं.

१९६० मध्ये राज्य झालं, वीज मंडळ झालं, खांब गावोगाव गेले. आमच्या गावात वीज आली ती सत्तरच्या दशकात, असं तात्या सांगत. पहिल्या दिवशी बल्बला कुंकू लावलं होतं. मग विहिरीवर मोटारी आल्या, त्यांच्या मागे ऊस आला, आणि विजेची भूक पुरवठ्याच्या पुढे निघून गेली. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प ही भूक भागवणार होता. १९९९ मध्ये त्याचा पहिला टप्पा चालू झाला आणि दराच्या भांडणात २००१ मध्ये बंद पडला.

माझ्या पिढीला लोडशेडिंग आठवतं ते त्यानंतरचं. सरकारी शब्द भारनियमन. २००५ नंतर सहा-सात वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात दहा-बारा तास लाइट नसणं ही तक्रारही उरली नव्हती, वेळापत्रक होतं. गिरणीत दळण कधी टाकायचं, टाकी कधी भरायची, अभ्यास कधी, सगळं त्यावर. थ्री फेज गेली की घरांसाठी सिंगल फेज चालू ठेवत, तर लोक कंडेन्सर लावून तिच्यावरच मोटार ओढत, आणि ट्रान्स्फॉर्मर जळे. पुण्यात मात्र २००६ मध्ये वेगळंच घडलं. कारखान्यांनी टंचाईच्या वेळी स्वतःची जनित्रं चालवायची, त्याचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा उचलायचा, आणि शहराला भारनियमनातून सोडवायचं. पुणे मॉडेल म्हणून ते गाजलं. पुढे राज्यभर फीडरची ए, बी, सी, डी ते जी अशी वर्गवारी झाली, गळती किती आणि वसुली किती यावरून. वरच्या गटात लाइट जास्त, खालच्यात कमी. हिशेब म्हणून समजण्यासारखा आहे. पण शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून माझ्या परीक्षेच्या आदल्या रात्री अंधार, हे सोळाव्या वर्षी समजून घ्यायला जड गेलं होतं.

२०१२ च्या शेवटाकडे बहुतेक राज्यातलं घरगुती भारनियमन उठलं. गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे होत गेले. घराला लाइट जवळजवळ चोवीस तास, आणि शेतीला पाळीने, काही दिवस दिवसा ८ तास, काही दिवस रात्री १०. तात्यांच्या घरात आणि तात्यांच्या शेतात असे दोन वेगळे नॉर्मल नांदू लागले. घरच्या लाइटवर आमचा विश्वास बसला, एवढा की चार वर्षं कोणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं का हेही बघितलं नाही. बारा तास लाइट जायची तेव्हा तात्यांच्या खाटेखाली कंदील तेल भरून तयार असे.

* * *

अलार्म गावी नेला तेव्हा पहिला अपमान इन्व्हर्टरने केला. मी तो तात्यांच्या खोलीत लावला होता आणि त्या खोलीचे प्लग इन्व्हर्टरच्या लायनीवर. मेन स्विच पाडला, अलार्म ढिम्म. त्याच्या मते लाइट होतीच. मग स्वयंपाकघरात मिक्सरच्या प्लगला चार्जर लावला, कारण मिक्सर इन्व्हर्टरवर नव्हता, आणि बझरची वायर भिंतीवरून काकाच्या उशापर्यंत नेली. आता लाइट गेली की बॅटरी उतरायच्या तासभर आधी घर जागं होत होतं.

दुसरी अडचण रॉबिन्सनची होती आणि ती मला सोडवता आली नाही. माझ्या सर्किटमध्ये ९ व्होल्टची बॅटरी मेली तर अलार्म कधीच वाजणार नाही, आणि न वाजणारा अलार्म म्हणजे सगळं ठीक. बिघाड आणि मोकळा रस्ता यांचा चेहरा पुन्हा एकच. कॉन्सन्ट्रेटरच्या अलार्मचं हेच झालं होतं. बॅटरी उतरली की आधीच चिवचिवणारं सर्किट करता येतं, मी पुण्याला परतून ते करायला घेतलंही, पण ते सर्किट करंट खाऊन बॅटरीच लवकर संपवायला लागलं. तोवर आजीने स्वतःचा उपाय काढला होता. दर रविवारी अंघोळ झाली की ती मिक्सरचा प्लग उपसायची. बझर वाजला की कॅलेंडरवर त्या तारखेवर टिकली लावायची, कपाळाची, लाल. बॅटरी सुरू असल्याचा ठोका.

त्या हिवाळ्यात रात्रीचा अलार्म नऊ वेळा खरा वाजला, तेही कॅलेंडरवर आहे. एकदा पहाटे तीनला लाइट गेली ती सकाळी सातला आली. चार तास सिलिंडरवर काढले. तात्या जागे होते आणि काकाला म्हणाले, "पोरानं घंटा केली, पण उलटी."

तात्या चैत्रात गेले. कॉन्सन्ट्रेटर दुसऱ्या कोणाला दिला. गेल्या महिन्यात मी गावी होतो आणि रात्री अडीचला बझर वाजला. आम्ही त्याला विसरलोच होतो. काका बाहेरगावी. मी अंधारात चाचपडत उठेपर्यंत आजी आधीच तात्यांच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात मोबाइलची बॅटरी, कोपऱ्यात जिथे सिलिंडर असायचा तिकडे रोखलेली. थोडा वेळ ती तशीच थांबली. मग स्वयंपाकघरात आली.

"काढून टाकू का हे?" मी विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. बझरचा आवाज थोडा घोगरा झाला होता. तिने कान देऊन ऐकला. "बॅटरी तेवढी बदल जाताना."